लाकडी पेटीतला ॲम्प घुरघुरतो आणि हात लावला की गप्प होतो: अर्थिंगचा दोष कसा शोधायचा

पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, खाली पत्रा, बाजू आणि झाकण सागवानाचं किंवा प्लायचं. घरी बांधलेले बरेच ॲम्प (ॲम्प्लिफायर) असेच असतात. आजोबांच्या रेडिओची कॅबिनेट टाकवत नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर आणला जातो आणि एखाद्या रविवारी सगळं त्या पेटीत बसतं. गाणं लागतं, आणि गाण्याच्या खाली घुरघुर लागते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ॲम्पमध्ये हीच तक्रार सगळ्यात जास्त असते. उघडून पाहावं तर आयसी, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा ठणठणीत. दोष निघतो अर्थिंगमध्ये.

पूर्ण लोखंडी पेटीत अर्थची वायर एका ठिकाणी नटाखाली नीट आवळली की पेटीची सहाही अंगं जवळपास आपोआप अर्थ होतात. लाकडी पेटीत पट्टी वेगळी, तळाचा पत्रा वेगळा, हिटसिंक (आयसी थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) वेगळं, पॉटचं (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या भागाचं) अंग वेगळं, आणि त्यांच्यामध्ये लाकूड. हे तुकडे एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. ज्याला वायर दिली नाही तो तुकडा अधांतरी राहतो आणि घरातल्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण अँटेनासारखी गोळा करतो. ट्रान्सफॉर्मरची किंवा मेन्सची वायर त्याला टेकली तर तोच तुकडा शॉक देतो. घुरघुरीचा त्रास आणि जिवाचा धोका एकाच जागेवरून येतात, म्हणून मी ही दुरुस्ती गाण्यापेक्षा माणसासाठी करतो.

आधी लक्षणं

नॉबवर, पट्टीवर किंवा मागच्या स्क्रूवर बोटाची मागची बाजू हलकी घासली तर झिणझिण्या येतात, अनवाणी ओल्या फरशीवर जास्त. हे लक्षण असेल तर पुढची सगळी यादी बाजूला ठेवा. भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि दोष सापडेपर्यंत कुणालाही तो ॲम्प लावू देऊ नका. झिणझिण्या येतात की नाही हे मुद्दाम हात लावून तपासायचं नाही. आल्या असतील तर आठवायचं, एवढंच.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुरघुर तेवढीच राहते: दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये किंवा आतल्या ग्राउंडच्या वायरिंगमध्ये.

व्हॉल्यूमबरोबर घुरघुर वाढते: दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुटची वायर, सॉकेट किंवा बाहेरून जोडलेलं यंत्र.

नॉब मध्यावर असताना सगळ्यात जास्त आणि दोन्ही टोकांना कमी: मधल्या जागी पॉटचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) सर्वाधिक असतो, त्यामुळे पुढची वायर बाहेरचं सगळं पटकन उचलते. शिल्ड (सिग्नलच्या वायरीभोवतीचं धातूच्या जाळीचं आवरण) तुटलेलं किंवा पॉटचं अंग अधांतरी असण्याची ही खूण.

धातूला हात लावला की कमी होते: तो तुकडा अर्थला जोडलेला नाही. तुमचं शरीर तात्पुरतं त्याचं काम करतं आहे.

इनपुटची केबल काढली की पूर्ण शांत: ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थांमधून पूर्ण होणारा फेर.

स्पीकर काढल्यावरही पेटीच गुणगुणते: ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आवाज. त्याचा अर्थिंगशी संबंध नाही. बोल्ट आवळा, खाली रबर द्या.

स्वर ओळखता आला तर अर्धं काम होतं. आपली वीज ५० हर्ट्झची. हवेतून किंवा लूपमधून येणारी घुरघुर मुख्यतः ५० हर्ट्झची, खोल आणि गोलसर. ब्रिज रेक्टिफायरनंतर कंडेन्सर भरताना जो आवाज शिरतो तो १०० हर्ट्झचा, एक सप्तक वर, आणि कडक, मधमाशीसारखा. भजनी मंडळातल्या मित्रांना मी सांगतो की १०० हर्ट्झ म्हणजे जवळपास पांढरी पाच, फक्त खाली खर्जात. हार्मोनियमवर सूर धरून पाहा. जुळला तर पॉवर सप्लायकडे जा, त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर अर्थ, शिल्ड आणि लूपकडे.

पेटी न उघडता, खर्च न करता

आधी खोलीतला पंखा बंद करा. रेग्युलेटरवर कमी करू नका, बंदच करा. ट्रायकवर चालणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो आणि त्याची तर्र ॲम्पमध्ये उतरते. पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर असं करत नाही. मग एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक बंद करत जा. एखादा बंद केल्यावर आवाज गेला तर कारण सापडलं, पण ॲम्पची सुटका झाली असं समजू नका. नीट अर्थ केलेला ॲम्प असल्या शेजाऱ्यांना सहसा दाद देत नाही.

आता इनपुटच्या सगळ्या केबल काढा. आवाज गेला तर एकेक परत लावा. लॅपटॉप लावल्यावर आला तर त्याचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. चार्जर तीन पिनांचा असेल तर लॅपटॉपलाही अर्थ आहे आणि ॲम्पलाही, आणि ऑडिओ केबलच्या शिल्डमधून त्या दोन अर्थांचा फेर पूर्ण होतो. केबल टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचं तर मला हमखास सापडतं: गच्चीवरून किंवा जिन्यातून येणाऱ्या कोॲक्सियल वायरचं शिल्ड दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी अर्थ झालेलं असतं. बॉक्समागची ती वायर काढून पाहा. लगेच गप्प झालं तर ॲम्पला हात लावू नका, त्या वायरवर आयसोलेटर बसवा किंवा बॉक्स आणि ॲम्प यांच्यामध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

केबल काढूनही आवाज असेल तर एक आरसीए प्लग (ऑडिओ केबलच्या टोकाचा गोल प्लग) घ्या, त्याची मधली पिन आणि बाहेरचं कडं सोल्डरने जोडा आणि तो इनपुटमध्ये घाला. दहा-वीस रुपयांत होणारं हे साधन माझ्या डब्यात कायम असतं. शॉर्ट प्लग लावल्यावर शांतता असेल तर ॲम्पचं पोट ठीक आहे. तरीही घुरघुर असेल तर पेटी उघडावी लागणार.

इथे एक कळकळीची गोष्ट सांगतो. बरेच जण तीन पिनांच्या प्लगमधली जाड लांब पिन तोडतात, किंवा मधे दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतात. घुरघुर लगेच जाते, आणि म्हणूनच हा उपाय तोंडोतोंडी पसरतो. ती पिन जाड आणि लांब अशासाठी असते की प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. ती तोडलीत की लूप तुटतो, आणि ट्रान्सफॉर्मरची इन्सुलेशन फुटेल त्या दिवशी २३० व्होल्ट पुढच्या पट्टीवर येऊन उभे राहतात. पट्टी चमकत राहते, गाणं चालू राहतं, आणि फ्यूज उडत नाही, कारण करंटला जायला वाटच उरलेली नसते. ती वाट मग नॉब फिरवणाऱ्या हातातून जाते. लूप तोडायची रीतसर पद्धत आहे, ती पुढे देतो.

कॉर्ड, प्लग आणि भिंतीतलं सॉकेट

प्लग सॉकेटमधून काढून हातात घ्या आणि उघडा. दोन वायरींची कॉर्ड निघाली तर दोष सापडला. पेटीत हाताला लागेल असा एक जरी धातूचा तुकडा असेल, मग ती पट्टी असो, स्क्रू असो वा आरसीएचं कडं, तर तीन वायरींचीच कॉर्ड हवी. मुंबईतल्या लोहार चाळीत मिळते, हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची वायर अर्थची. जुन्या कॉर्डमध्ये नुसती हिरवी असते. पेटी लाकडी आहे म्हणून दोन पिना पुरतात, हे खरं नाही. लाकूड मुंबईच्या हवेत दमट होतं, आणि दमट लाकडावर इन्सुलेशन म्हणून भरवसा ठेवता येत नाही.

भिंतीतल्या सॉकेटला अर्थ आहे का, हे मल्टिमीटरने कळतं. पण चालू सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घालायची सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या. एसीची मोठी रेंज ठेवल्यावर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवेत, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. फेज आणि अर्थमध्ये ९०, १२० असे भटकणारे आकडे दिसले तर अर्थची पिन मागे रिकामी आहे. जुन्या चाळींत आणि पागडीच्या खोल्यांत हे मी वारंवार पाहिलंय: बाहेरून तीन भोकं, आत दोनच वायरी. याहून वाईट म्हणजे कुणीतरी बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारलेला असतो. तेव्हा मीटरवर सगळं छान दिसतं. मात्र खाली मीटरखोलीत न्यूट्रल सुटला की त्या क्षणी घरातली प्रत्येक ‘अर्थ’ केलेली पेटी जिवंत होते. म्हणून मीटरवर आकडे बरोबर आले तरी जुन्या घरात परवानाधारक वायरमनकडून अर्थ तपासून घ्या. साधा मीटर व्होल्टेज सांगतो, ती वायर दोषाचा मोठा करंट वाहून नेईल का हे सांगत नाही.

पेटी उघडून: प्रत्येक धातूला वायर पोचली आहे का?

प्लग भिंतीतून काढा आणि नजरेसमोर ठेवा. मोठे फिल्टर कंडेन्सर बंद ॲम्पमध्येही भरलेले राहतात. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांवर दहा सेकंद टेकवा, मग डीसी रेंजवर मोजा. १ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर सोडा: ठिणगीने कंडेन्सरचा टॅब जळतो आणि धातूचे कण डोळ्यात जातात.

आता मीटर ओहमवर. दोन्ही तारा एकमेकींना टेकवून येईल तो आकडा लक्षात ठेवा, स्वस्त तारांचे स्वतःचेच ०.३-०.५ ओहम असतात. एक तार प्लगच्या अर्थ पिनेवर पकडा आणि दुसरी पेटीतल्या प्रत्येक धातूवर लावत जा: पुढची पट्टी, तळाचा पत्रा, मागची पट्टी, हिटसिंक, ट्रान्सफॉर्मरचा गाभा, पॉटचं अंग, धातूचं बटण, जाळी, बाहेर डोकं दिसणारा प्रत्येक स्क्रू. तारांचा आकडा वजा करून अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. पीपच्या आवाजावर जाऊ नका. बरेच मीटर ३०-४० ओहमलाही पीप करतात, आणि ३० ओहमचा अर्थ म्हणजे अर्थ नाहीच.

गेल्या डिसेंबरात गिरगावातला एक कॉलेजचा मुलगा सागवानी पेटीतला ॲम्प घेऊन आला. आजोबांच्या रेडिओची कॅबिनेट, आत दोन एलएम ३८८६ (ॲम्पचे आयसी), १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर. “काका, गणपतीत बांधला तेव्हा एकदम शांत होता. दिवाळीनंतर सुरू झालं. मी तर काहीच बदललं नाही.” वायरिंग खरोखर सुबक होतं. मीटर लावला: तळाचा पत्रा ०.२, हिटसिंक ०.२, पुढची पट्टी १४ ओहम. मग पेटीवर हलकी टिचकी मारली आणि १४ चे २०० झाले.

पट्टीची अर्थ वायर शोधत गेलो. तिचा गोल लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) एका लांब बोल्टखाली होता. तो बोल्ट आधी पट्टीतून, मग अर्धा इंच सागवानातून जात होता आणि नट आत लाकडावर आवळलेला. नटाखालचा वॉशर लाकडात रुतून त्याची गोल खूण उमटली होती. नट मी दोन बोटांनी फिरवला, पान्ह्याची गरज पडली नाही. लगच्या कडेला तांब्याचा हिरवा थर आलेला.

म्हणजे त्याने खरंच काही बदललं नव्हतं, लाकूड बदललं होतं. श्रावण-भाद्रपदात दमट हवेने ते फुगलेलं असताना त्याने नट आवळला. फुगलेल्या लाकडाला वॉशरने दाबलं, तंतू चेपले गेले. कोरडी हवा आली तसं लाकूड आटलं आणि चेपलेले तंतू काही परत वर आले नाहीत. नटाचा दाब गेला, आणि फटीत समुद्रावरच्या हवेची खारी ओल शिरली.

यातून माझा एक नियम पक्का झाला आहे, आणि लाकडी पेटीच्या अर्थिंगमध्ये मी त्यालाच सगळ्यात जास्त मानतो: विजेच्या जोडाचा दाब कधीही लाकडावर टेकू देऊ नका. लग, वॉशर, धातू, नट हे सगळं धातूवर धातू असंच आवळलं जायला हवं. लाकूड मधे येत असेल तर पट्टीला आतून वेगळा छोटा बोल्ट लावा, जो फक्त पट्टीतून जातो. पेटी धरायचं काम एका बोल्टचं आणि अर्थचं काम दुसऱ्याचं.

जोड करताना क्रम असा: पट्टीवरचा रंग किंवा ॲनोडायझिंग खरवडून पांढरा धातू दिसू द्या (ॲनोडाइज्ड थर वीज वाहू देत नाही, दिसायला मात्र धातूच दिसतो), मग दातेरी वॉशर, लग, पुन्हा वॉशर, नट, आणि वर दुसरा नट कुलूप म्हणून. लग कल्हईचा घ्या. उघडं तांबं ॲल्युमिनियमवर ठेवलं तर आपल्या हवेत काही महिन्यांत जोड खातं. कॉर्डमधून येणारी मुख्य अर्थ वायर मात्र कॉर्ड आत शिरते तिथेच, तळाच्या पत्र्यावर, स्वतंत्र बोल्टवर. ट्रान्सफॉर्मर धरणाऱ्या बोल्टवर ती लावू नका, कारण पुढे कुणी ट्रान्सफॉर्मर बदलेल तेव्हा अर्थ सुटेल आणि लक्षातही येणार नाही. ही वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा. कॉर्डला हिसका बसला तर ती शेवटी तुटावी. मग या बोल्टपासून प्रत्येक धातूला एकेक हिरवी वायर.

हिटसिंकला वायर देण्याआधी थांबा. टीडीए २०३० आणि साध्या एलएम ३८८६ च्या पाठीचा पत्रा उणे सप्लायला जोडलेला असतो, आणि २०३० सिंगल सप्लायवर असेल तरच तो ग्राउंडला असतो. मधे मायकाचा इन्सुलेटिंग तुकडा आणि स्क्रूचा प्लास्टिक बुश नसेल आणि तुम्ही हिटसिंक अर्थ केलंत, तर उणे सप्लाय थेट शॉर्ट. २एन३०५५ ट्रान्झिस्टरचं अंग म्हणजे कलेक्टर. आधी आयसीचा पत्रा आणि हिटसिंक यांच्यात मीटर ओपन (म्हणजे जोड नाही असं) दाखवतो का ते पाहा, मग वायर जोडा. एलएम ३८८६ टीएफ पूर्ण प्लास्टिकमध्ये येतो, तिथे हा प्रश्न नाही.

टोरॉइड (गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्याच्या मधल्या बोल्टकडेही एकदा बघा. बोल्टचं खालचं टोक तळाच्या पत्र्यावर आणि वरचं टोक वरच्या धातूच्या पट्टीवर टेकत असेल आणि त्या दोन्ही कुठेतरी जोडलेल्या असतील, तर गाभ्याभोवती एक पूर्ण वेढा तयार होतो. ट्रान्सफॉर्मर भयंकर तापतो, फ्यूज उडतो. एक टोक मोकळंच राहायला हवं.

पॉट आणि इनपुटची वायर

लाकडी दर्शनी पट्टीवर पॉट बसवला की त्याचं धातूचं अंग कुणालाच जोडलेलं राहत नाही. नॉबजवळ बोट नेलं की आवाज बदलतो तो यामुळे. पॉटच्या पाठीवर थोडं खरवडून वायर सोल्डर करा आणि अर्थच्या बोल्टवर न्या. इनपुटला शिल्डेड वायर, तिची जाळी दोन्ही टोकांना शाबूत आहे ना हे मीटरने पाहा, आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. लाकडाचा इथे एक फायदा मिळतो: आरसीए सॉकेट लाकडावर बसवलं की ते आपोआप वेगळं राहतं. धातूच्या पट्टीवर असेल तर फायबरचे वॉशर लागतात, नाहीतर ऑडिओचं ग्राउंड तिथेच अर्थला टेकतं आणि पेटीच्या आतच लूप तयार होतो.

आतल्या ग्राउंडचा रस्ता

इथून पुढे सोल्डरिंगचा हात हवा. कडक १०० हर्ट्झचा आवाज व्हॉल्यूमने बदलत नसेल तर मी इकडे येतो.

फिल्टर कंडेन्सर सलग भरत नाही. सेकंदाला १०० वेळा, अगदी थोड्या वेळात, मोठा झटका घेतो. मध्यम ॲम्पमध्ये तो झटका ५ अँपिअरचा सहज असतो. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १८ मिलिओहम, म्हणजे ३० सेंटिमीटरचा ५ मिलिओहमहून थोडा जास्त. त्यातून ५ अँपिअर गेले की सुमारे २७ मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं ग्राउंड त्याच वायरीच्या लांबच्या टोकाला जोडलेलं असेल तर हे २७ मिलिव्होल्ट ॲम्पला गाण्यासारखेच दिसतात. गेन (सिग्नल वाढवण्याचा पट) ३० असेल तर स्पीकरवर पाऊण व्होल्टाहून जास्त घुरघुर. एकही पार्ट खराब नसताना.

म्हणून दोन फिल्टर कंडेन्सरांमधला जोड आखूड आणि जाड करा, ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप (१८-०-१८ मधला ०) तिथे आणा. या जोडावरून एक आखूड वायर बाहेर काढा आणि तिच्या टोकाला तारा बिंदू (स्टार ग्राउंड, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येतात ती एकच जागा) करा. स्पीकरची परतीची वायर, बोर्डाचं पॉवर ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड, प्रत्येक वेगळ्या वायरीने तिथे. झटक्यांचा करंट कंडेन्सरांमधल्या जोडावर फिरतो, तारा बिंदूवर येत नाही.

एक अपवाद न विसरता पाहा. एलए ४४४० आयसी ब्रिज पद्धतीने (दोन आउटपुटांच्या मधे स्पीकर) जोडलेला असेल, किंवा टीपीए ३११६ सारखा क्लास डी बोर्ड असेल, तर स्पीकरची काळी वायर ग्राउंड नसते. तिथेही आउटपुटच असतं. ती तारा बिंदूला किंवा पट्टीला लागली तर बोर्ड जळू शकतो.

आता लूप तोडायची रीतसर पद्धत. पेटीतले सगळे धातू अर्थच्या बोल्टला सरळ जोडलेलेच राहतात, त्या वायरीत काहीही घालायचं नाही. फक्त तारा बिंदू आणि अर्थचा बोल्ट यांच्यामध्ये १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि त्यांनाच समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर. ब्रिजचे अधिक आणि उणे एकमेकांना जोडायचे, आणि एसीची दोन टोकं वापरायची. लूपचं व्होल्टेज सहसा मिलिव्होल्टमध्ये असतं, त्याला १० ओहम अडवतात. मोठा दोष झाला आणि दीडेक व्होल्ट ओलांडले की डायोड उघडतात, करंट अर्थकडे धावतो आणि फ्यूज उडतो. ब्रिज छोटा घेऊ नका, फ्यूज उडेपर्यंत त्याने टिकायला हवं.

एवढं करूनही खोल ५० हर्ट्झ उरलं तर ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट सैल करून, वायरी न ओढता तो थोडा फिरवून पाहा. फिरवताना प्लग काढलेला, ऐकताना हात बाहेर. इनपुटपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, कारण चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने उतरतं. झाकणाला आतून पत्रा लावायचा असेल तर ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा तेलाच्या डब्याचा पत्रा बरा: त्याला सोल्डर धरतं, म्हणून अर्थची वायर पक्की बसते. कडा दुमडून घ्या, हात कापतो. आणि त्या पत्र्यालाही वायर द्या. अर्थ न केलेला पत्रा म्हणजे आणखी एक अधांतरी तुकडा.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर, म्हणजे ॲम्पच्या फेजच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे.

इथे थांबा

सिरीज बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर थांबा. प्लगच्या फेज पिनेपासून ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यापर्यंत, ॲम्पचं बटण चालू स्थितीत आणि प्लग भिंतीबाहेर असताना, मीटरच्या सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर काहीही आकडा दिसला तरी थांबा. इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासायला हवं, आणि बहुतेक वेळा तो ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागतो. अर्थ जोडल्यावर घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला तर तो खरं बोलतोय. त्याला बायपास करू नका, ॲम्प अनुभवी तंत्रज्ञाकडे न्या. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर आत ३०० व्होल्टांहून जास्त डीसी असतं. तिथे शिकत शिकत दुरुस्ती करायची नाही, शेजारी जाणकार माणूस बसवल्याशिवाय झाकण उघडू नका.

आणि भिंतीत अर्थ नसेल तर तिथे तुमचं आणि माझंही काम संपतं. पाण्याच्या नळाला वायर बांधू नका. पाइप मधेच प्लास्टिकचा असतो, आणि नसला तर तुमच्या ॲम्पचा दोष खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या अंघोळीत जातो. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याला नेमकं सांगा: या सॉकेटपासून मीटरखोलीतल्या अर्थपर्यंत सलग वायर हवी, न्यूट्रलवरून तुकडा नको, आणि झाल्यावर मोजून दाखवा.

गिरगावातल्या त्या खोलीत नेमकं हेच निघालं. पट्टीचा जोड मी दुरुस्त केला, पण सॉकेटमागे अर्थ नव्हताच. मुलाच्या आजीने, “वायर येईपर्यंत हे चालू करायचं नाही,” असं सांगून प्लग कपाटात ठेवला. अकरा दिवसांनी वायरमन आला. पेटीच्या झाकणाच्या आत आता पेन्सिलने तारीख आणि सात ओळी आहेत: पट्टी, तळ, पाठ, हिटसिंक, ट्रान्सफॉर्मर, पॉट, जाळी. प्रत्येकीपुढे ०.२ किंवा ०.३. शेजारी त्याने दुसरा रकाना आखून रिकामा ठेवलाय, दिवाळीनंतर पुन्हा मोजायला.